नेमावरचा घाट आणि नातवाचा काळा टी-शर्ट



आपल्या माळव्यातल्या मराठी घरांच्या आठवणी इथे मी नेमाने वाचतो. कुणी देवासच्या पवारांच्या दसऱ्याबद्दल लिहितं, कुणी धारच्या वाड्यांबद्दल, कुणी आजीच्या हातच्या पुरणपोळीबद्दल. आज मी जे लिहितोय त्यात माझी शोभाच होणार आहे. पण वय चौऱ्याहत्तर झालं, आता लपवून कुठे न्यायचं? लेख लांब आहे, सवडीनं वाचा.

गोष्ट २ ऑक्टोबर २०२४ ची. त्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती आणि गांधी जयंतीची सुट्टीही. मी, माझी थोरली बहीण आणि पंधरा वर्षांचा नातू असे तिघं पहाटेच गाडी करून इंदूरहून नेमावरला निघालो. मुलगा ऑफिसच्या कामाला बाहेरगावी होता. सूनबाईला सांगितलं, नर्मदेवर स्नान आणि तर्पण करून येतो. नातवालाही तेच सांगितलं. खरं कारण आक्काच्या पिशवीत होतं: नारळ, लिंबं आणि काळा दोरा.

झालं होतं असं. वर्षभरात नातवाचे केस मानेपर्यंत वाढले. अंगात सदा काळा टी-शर्ट, त्यावर कवटी किंवा काटेरी अक्षरं. खोलीचं दार लावलेलं. फोनमध्ये बोटांची शिंगं करून काढलेले फोटो. एक दिवस आक्का चहा घेऊन त्याच्या खोलीत गेली, तर खोलीत आवाज काहीच नाही आणि मुलगा डोळे मिटून मान गरागरा फिरवतोय. कानाला हेडफोन होता, तो केसांत दिसला नाही. चहा तसाच घेऊन आक्का बाहेर आली आणि म्हणाली, "भाऊ, पोराच्या अंगात काहीतरी आहे. अमावस्येला नेमावरला नेऊ या."

मी कॉमर्सचा पदवीधर. छत्तीस वर्षं बँकेत काढली. कागद तपासल्याशिवाय सही केली नाही. पण त्या दिवशी मी "बरं" म्हणालो.

ज्यांनी नेमावर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, खातेगाव तालुक्यात, नर्मदेच्या उत्तर तीरावर हे गाव आहे. पलीकडच्या तीरावर हरदा जिल्ह्यातलं हंडिया. नर्मदेचं नाभिस्थान इथे मानतात, त्यामुळे परिक्रमावासीयांच्या दृष्टीनं फार मोलाची जागा. घाटावर सिद्धनाथाचं देऊळ आहे, परमारांच्या काळातलं. त्याचं शिखर आणि भिंतींवरच्या मूर्ती पाहत तास न् तास बसावं असं. जैनांचंही हे सिद्धक्षेत्र आहे.

आणि इथेच भरते ती भूतडी अमावस्या. आदल्या रात्रीपासून दूरदूरच्या गावांतून माणसं येतात. ज्यांना 'बाहेरचं' लागलंय असं घरच्यांना वाटतं त्यांना आणतात. ज्यांच्या अंगात देव येतो ते पडियार येतात, काहींच्या हातात तलवारी असतात. रात्रभर ढोल आणि थाळ्या वाजत राहतात, माणसं केस मोकळे सोडून मान हलवत घुमतात, मग नर्मदेत डुबकी. सकाळी घाट भिजलेल्या कपड्यांनी आणि माणसांनी भरलेला असतो.

आम्ही पोचलो तेव्हा काही ठिकाणी घुमणं चालूच होतं. नातू उभा राहून पाहत राहिला. घाबरला नाही, हसलाही नाही. नजर ढोलवाल्याच्या हातांवर. इतक्यात आक्कानं एका बुवाला खूण केली आणि पिशवीतून नारळ काढला. बुवानं विचारलं, "बच्चा यही है क्या?" नातवानं आधी बुवाकडे, मग आक्काकडे आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.

"आबा, मला भूत लागलंय असं तुम्हाला वाटतं?"

मला उत्तर देता आलं नाही. बुवाला दक्षिणा देऊन वाटेला लावलं, आक्काला देवळात बसवलं आणि मी नातवाजवळ पायरीवर येऊन बसलो. तो बोलेना. रागावला असता तर बरं झालं असतं.

तिथे बसल्या बसल्या मला एक माणूस आठवला. १९८४ ते ८७ मी खातेगाव तालुक्यातल्या एका शाखेत होतो. तेव्हा सरकारी योजनेतून म्हशींसाठी कर्जं द्यायचो. एक कर्जदार असा, की हप्त्याच्या तारखेला सकाळी दारात हजर. बोलणं हळू, टोपी हातात. एकदा अमावस्येच्या रात्री नेमावरच्या घाटावर तोच दिसला: केस पिंजारलेले, हातात तलवार, मान अशी फिरवतोय की पाहणाऱ्याला घेरी यावी. चार दिवसांनी हप्ता घेऊन आला. मी पावती दिली. त्याचं कर्ज परत मागावं असं माझ्या मनात सुद्धा आलं नाही. मी त्याचं खातं पाहत होतो, खातं चोख होतं. आणि नातवाचं खातं मी उघडूनही पाहिलं नव्हतं. तो काय ऐकतो, का ऐकतो, कुणाबरोबर ऐकतो, एक प्रश्न विचारला नव्हता.

घरी आल्यावर मी वाचायला लागलो. वर्षभर वाचलं, नातवाकडून ऐकलं. सुरुवात मात्र स्वतःपासूनच करावी लागली.

माझ्या पिढीला आठवत असेल. आकाशवाणीवर हार्मोनियमला १९४० पासून बंदी होती, ते वाद्य आपल्या संगीताला बिघडवतं म्हणून. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आपलेच, मराठी, संगीताचे जाणकार. त्यांना सिनेमाची गाणी उथळ वाटायची. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. मुलांनी काय केलं? रेडिओची सुई सिलोनवर नेली. त्याच वर्षाअखेर रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली.

आमच्या घरात मात्र केसकरांचंच राज्य होतं. १९६६ साली 'तीसरी मंज़िल' आला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो, म्हणजे नातवाच्याच वयाचा. शम्मी कपूरसारखी मान हलवताना वडिलांनी मला आरशासमोर पकडलं. त्यांचे शब्द अजून कानात आहेत: "अंगात आलंय का?" मंडळी, अठ्ठावन्न वर्षांनी तेच वाक्य आमच्या घरात पुन्हा बोललं गेलं. पुढे केस वाढवले, बेलबॉटम शिवली. १९७१ साली 'हरे रामा हरे कृष्णा' आल्यावर तर प्रत्येक लांब केसांचा मुलगा गांजेकस ठरला. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, सुपारीचंही व्यसन नाही. तरी शेजारच्या काकूंनी आईला विचारलंच, "मुलगा बरा आहे ना?"

आता देवासचं पाहा. माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्व राहत. ते १९४८ साली देवासला आले ते क्षयरोग घेऊन. चोवीस वर्षांचं वय. काही वर्षं अंथरुणाला खिळून. गाणं बंद. स्ट्रेप्टोमायसिननं जीव वाचवला, पण एक फुफ्फुस निकामी झालं. त्या पडून राहण्याच्या काळात त्यांच्या कानावर माळवी लोकगीतं आली आणि नाथपंथी साधूंची निर्गुणी भजनं आली. शीलनाथ महाराजांच्या धुनीमुळे देवासला नाथांची जुनी परंपरा. हे नाथ कसे दिसायचे? कानाला भोकं पाडून जाड कुंडलं, जटा, अंगाला राख, हातात चिमटा. भल्या घरातला मुलगा त्यांच्या मागे बसायला लागला की आईच्या पोटात गोळा यायचा, पोरगं जोगी होणार म्हणून.

ती भजनं कशाबद्दल असतात? मरणाबद्दल. रिकामा पिंजरा, उडून जाणारा हंस, जळणारी हाडं. कुमारजींनी ती गायली आणि आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडे त्यांच्या तबकड्या आहेत. माझी पत्नी ती भजनं लावूनच संध्याकाळचा दिवा लावते. मग नातवाच्या गाण्यात मरण आलं की आमच्या छातीत धस्स का होतं? कबीर मरणाबद्दल गातो म्हणजे त्याला मरायचंय असं आपण कधी म्हटलं नाही.

हे नातवाला सांगितलं तर त्यानं मला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची गोष्ट सांगितली. या हेवी मेटल संगीताचा उगम तिथला. कारखान्यांचं शहर. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात होता. मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तोच हात. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं. दुखू नये म्हणून हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून खालच्या स्वरात लावायला सुरुवात केली. त्यातून तो जड, खोल आवाज घडत गेला. १९६८ साली त्यांचा बँड झाला, पुढे 'ब्लॅक सब्बाथ' नावानं गाजला. कारखान्यातल्या घरांतली चार पोरं. इकडे एका फुफ्फुसावर गाणारा माणूस छोट्या छोट्या तानांतून नवी गायकी घडवतो, तिकडे तुटक्या बोटांचा पोरगा नवा आवाज काढतो. दोघांची तुलना मी करत नाही, कुमारजी कुमारजी आहेत. पण दोघांनाही सुरुवातीला जाणकारांनी नाकं मुरडली होती, एवढं खरं.

बोटांची शिंगं पाहून आक्का सगळ्यात जास्त घाबरली होती. ही खूण मेटलच्या जगात रूढ केली रॉनी जेम्स डिओ या गायकानं. तो मूळ इटालियन घरातला. ती खूण त्याला आजीकडून मिळाली होती. वाईट नजर लागू नये म्हणून त्याची आजी तसा हात करायची. म्हणजे आपली दृष्ट काढणं! मी आक्काला हे सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग मीठ-मोहरी का नाही ओवाळत?"

या संगीतावर खटलेही झाले. ऑझी ऑस्बर्नच्या एका गाण्यामुळे मुलानं आत्महत्या केली असा दावा अमेरिकेत १९८० च्या दशकात दाखल झाला. ऑझीचं म्हणणं, गाणं दारूनं होणाऱ्या नाशाबद्दल आहे. कोर्टानं दावा फेटाळला. १९९० मध्ये 'जुडास प्रीस्ट' या बँडवर नेवाडा राज्यात खटला चालला, गाण्यात छुपा संदेश पेरलाय म्हणून. तोही टिकला नाही.

पण सगळीकडे शहाणपण झालं असं नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात वेस्ट मेम्फिस नावाचं गाव आहे. १९९३ मध्ये तिथे आठ वर्षांच्या तीन मुलांचा खून झाला. भयंकर प्रकार. पोलिसांनी तीन किशोरवयीन मुलं पकडली, वयं सोळा, सतरा, अठरा. त्यांच्याविरुद्ध ठोस भौतिक पुरावा नव्हता. एकाचा कबुलीजबाब होता, तो त्यानं मागे घेतला. मग कोर्टात काय दाखवलं? काळे कपडे, मेटॅलिकाची गाणी, वाचनातली पुस्तकं. सैतानाची पूजा करणारी मुलं, असं चित्र उभं केलं. १९९४ मध्ये दोघांना जन्मठेप आणि डेमियन एकोल्सला मृत्युदंड. पुढे डीएनए तपासणीत घटनास्थळावरच्या कशाशीही त्यांचा मेळ बसला नाही. १९ ऑगस्ट २०११ ला तिघं सुटले, तेही निर्दोष म्हणून नव्हे, तर निर्दोष असल्याचं सांगत राहून केलेल्या कायदेशीर तडजोडीवर. अठरा वर्षं गेली. आणि त्या तीन लहानग्यांच्या आईबापांना खरं काय ते आजही कळलेलं नाही. चुकीच्या खात्यावर नावे टाकलं की खरी रक्कम कुठे गेली हे कुणी शोधत नाही, हे आम्हा बँकवाल्यांना वेगळं सांगायला नको.

इंग्लंडमध्ये २००७ च्या ऑगस्टमध्ये सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी मित्राबरोबर बागेतून चालली होती. दोघंही गॉथ, म्हणजे काळे कपडे, काजळ, वेगळं संगीत. पोरांच्या टोळक्यानं मित्राला मारलं, ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली तर तिलाही मारलं. ती गेली. कारण एवढंच, की ती वेगळी दिसत होती. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद द्वेषातून झालेले गुन्हे म्हणून करायला सुरुवात केली. वाचा, आणि विचार करा: धोकादायक कोण ठरवले गेले होते आणि मार कुणी खाल्ला?

त्याच वर्षी आपल्याकडे काश्मीरमध्ये शाळकरी वयाच्या तीन मुलींचा 'प्रगाश' नावाचा रॉक बँड होता. काश्मिरीत प्रगाश म्हणजे उजेड. श्रीनगरच्या स्पर्धेत नाव मिळवलं, मग इंटरनेटवरून शिव्या आणि धमक्या, मग मुफ्तींचा फतवा. फेब्रुवारी २०१३ मध्ये बँड बंद झाला.

आता कुणी म्हणेल, काका, म्हणजे काळजी करूच नये का? करावी. २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ग्लासगो भागातल्या बाराशेहून जास्त मुलांचा अभ्यास छापून आला. स्वतःला गॉथ म्हणवणाऱ्या मुलांत स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. अशी मुलं संख्येनं थोडी होती, पण ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. मात्र संशोधकांनीच पुढे लिहिलं, की आधीच दुखावलेली मुलं अशा गटाकडे ओढली जात असावीत आणि तिथे त्यांना समजून घेणारे सोबती मिळत असावेत. म्हणजे टी-शर्ट फाडून दुखणं जात नाही, उलट सोबती जातात. मूल झोपत नसेल, जेवत नसेल, मित्र तुटले असतील, हातावर जखमा दिसत असतील, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर ते भजन ऐकत असो की मेटल, त्याच्याजवळ बसा आणि डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, फोन फुकट लागतो. आमच्या नातवाच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. तो जेवत होता, शाळेत जात होता, दोन मित्रांबरोबर एका गॅरेजमध्ये ड्रम शिकत होता. हे मला नेमावरहून परतल्यावर कळलं, कारण तोपर्यंत विचारलंच नव्हतं.

आता राहिली सगळ्यात अवघड गोष्ट. ती मुलाची.

१९९६ साली माझा मुलगा सोळा वर्षांचा होता. त्याच्याकडे अशाच कॅसेटी होत्या, काळ्या कव्हरच्या. तेव्हा इंटरनेट नव्हतं. मुंबईत रंगभवनला १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक भरायचं, त्याच्या बातम्या वाचून आणि कॅसेटी एकमेकांना देऊन ही मुलं ऐकायची. ऑफिसात कुणीतरी मला म्हणालं, साहेब, त्यात सैतानाची गाणी असतात. मी घरी आलो, कॅसेटी गोळा केल्या आणि रविवारी भंगारवाल्याला दिल्या. मुलगा काही बोलला नाही. मला वाटलं, ऐकलं माझं.

नेमावरहून आल्यावर मी मुलाला सगळं सांगितलं. त्याच्यासमोर मान खाली घालायची सवय नव्हती, घातली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, २०११ च्या ऑक्टोबरात मी बंगलोरला ऑफिसच्या ट्रेनिंगला गेलो होतो ना, ते ट्रेनिंग नव्हतं. मेटॅलिका आली होती." एकतीस वर्षांचा बाप्या, लग्न झालेला, दोन वर्षांच्या पोराचा बाप, आणि गाणं ऐकायला जातो हे वडिलांना सांगू शकला नाही. नातवाला ही गाणी कुणाकडून मिळाली हेही तेव्हाच समजलं. बापलेक गाडीत ऐकायचे आणि घर जवळ आलं की बंद करायचे.

आपल्या इंदूरमध्येच २००६ पासून 'निकोटिन' नावाचा मेटल बँड होता हेही मला या वर्षी कळलं. नाव काही बरं नाही, पण मुलं आपल्याच गावातली.

मला घरखर्चाची डायरी लिहायची सवय आहे, १९७४ पासूनच्या सगळ्या डायऱ्या कपाटात आहेत. १९९६ ची काढली. पानावर माझ्याच अक्षरात नोंद सापडली: 'भंगार – रद्दी ३१ रु., कॅसेटी १९ नग, ११ रु.' ती मी मुलाला दाखवली. त्यानं वाचली आणि त्या एकोणीस कॅसेटींची नावं एकेक करून सांगितली. अठ्ठावीस वर्षांनी, क्रमानं. नातू शेजारी बसून लिहून घेत होता.

मला ते संगीत आवडायला लागलंय असं नाही. आवाज फार आहे, पाच मिनिटांत डोकं धरतं. पण आता खोलीचं दार उघडं असतं. यंदाच्या पितृपक्षात आम्ही तिघं, म्हणजे मी, मुलगा आणि नातू, पुन्हा नेमावरला गेलो. खरोखर तर्पणालाच. आक्का गुडघ्यांमुळे आली नाही. तिनं नातवाच्या खिशात एक लिंबू ठेवलं, म्हणाली, "राहू दे." त्यानं ठेवलं.

तुमच्या घरात असं काही झालं असेल, कुणाची कॅसेट, कुणाचे केस, कुणाची गिटार, तर जरूर लिहा. जे आपल्या मुलांना आजवर सांगितलं नाही ते इथे लिहिलंत तरी चालेल. मुलंही हे वाचतात, असं नातू सांगत होता.